कागदावर आलं तरच गावाचं

गावात अभ्यासिका हवी, व्यायामशाळा हवी, महिलांच्या गटाला बसायला खोली हवी, अशी मागणी घेऊन ग्रामपंचायतीकडे निघालेली तरुण मंडळं मला नेहमी भेटतात. ती आमच्या गावची अभ्यासिका पाहायला येतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "बाई, निधी कुठून आणलात?" मी त्यांना बसवून घेते आणि सगळी हकिगत सांगते. त्या हकिगतीत निधी आणण्याचा भाग थोडाच आहे. मंजूर झालेला निधी अडकला कसा, झालेलं काम गळायला कसं लागलं आणि उभी राहिलेली अभ्यासिका ऐन परीक्षेच्या दिवसांत बंद कशी पडली, हा भाग मोठा आहे. दुसऱ्या गावाला त्याच वाटेने जावं लागू नये म्हणून तो इथे लिहीत आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. आमचं गाव कमी पावसाच्या पट्ट्यातलं. बारावीनंतर इथली मुलं पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीला लागतात. मुलगे तालुक्याला खोली घेऊन राहतात. मुलींना घरून तशी मोकळीक सहसा मिळत नाही. दोन खोल्यांच्या घरात, टीव्ही चालू असताना, स्वयंपाकपाणी आणि जनावरांचं आवरून त्या अभ्यासाला बसत. उजेड असलेली, शांत, रात्री उशिरापर्यंत निर्धास्त बसता येईल अशी जागा गावातच हवी, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. तरीही तिथे पोचायला वर्षं गेली, आणि ती का गेली हे समजून घेण्यासारखं आहे.

जाहीर झालं, पण आराखड्यात नव्हतं

पोलीस भरतीत निवड झालेल्या मुलींचा गावात सत्कार झाला. त्या कार्यक्रमात तेव्हाच्या सरपंचांनी जाहीर केलं की ग्रामपंचायत यंदा अभ्यासिका बांधणार. गावाने ते मनापासून घेतलं. मुलींनी अभ्यासिकेत कुठली पुस्तकं हवीत त्याची यादीसुद्धा केली. पुढे महिन्यांमागून महिने गेले आणि काहीच हललं नाही. चौकशीला गेल्यावर ग्रामसेवक भाऊसाहेबांनी रजिस्टरं उघडून समोर ठेवली. मासिक सभेचा ठराव नव्हता, ग्रामसभेचा ठराव नव्हता, वर्षाच्या विकास आराखड्यात अभ्यासिकेचं नाव नव्हतं. "आराखड्यात नसलेल्या कामावर मला एक रुपया खर्च टाकता येत नाही, बाई," ते म्हणाले. नियमाने ते बरोबर होतं.

हे प्रत्येकाने समजून घ्यायला हवं. १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि गावपातळीवरच्या नियोजनाला घटनेचा आधार मिळाला. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय आहेत. त्यात शाळा, आरोग्य, पाणी, रस्ते आहेत, तशी ग्रंथालयंही आहेत. म्हणजे अभ्यासिका हा ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत बसणारा विषय आहे. कुणी उपकार म्हणून तो हाती घ्यावा असं नाही. पण या विषयांवर पैसा खर्च होतो तो आराखड्यातून. महाराष्ट्रात २०१५-१६ पासून 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमाखाली दर ग्रामपंचायतीचा विकास आराखडा तयार होतो. ग्रामसभेच्या मान्यतेनंतर तो ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर चढवला जातो. एकदा चढवल्यावर त्या वर्षाचा केंद्रीय निधी त्या यादीतल्या कामांवरच पडतो. मध्येच काम घालायचं असेल तर पुरवणी आराखडा करावा लागतो आणि त्यालाही ग्रामसभा लागते.

पुढच्या वर्षाच्या आराखड्याची तयारी साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते आणि हिवाळ्यात ती संपते. एप्रिल-मे महिन्यात, मुलांच्या सुट्ट्या असताना, आपण उत्साहाने अर्ज घेऊन जातो. तोवर त्या वर्षाचे पैसे कुठे जाणार हे ठरून गेलेलं असतं. म्हणून मागणी गणपतीच्या दिवसांत लिहून काढा आणि ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी ग्रामपंचायतीला द्या. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख, सही घेऊन ती पोच स्वतःकडे ठेवा.

ग्रामसभेचीही तयारी लागते. कायद्याप्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास होतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांत जी संख्या कमी असेल तितकी हजेरी लागते. आमच्या विषयाची पहिली ग्रामसभा माणसं कमी म्हणून तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे ती हातावर मोजता येतील इतक्या लोकांत उरकली आणि अभ्यासिकेच्या आधी रस्त्यांचे विषय मंजूर होऊन गेले. पुढच्या वेळी आम्ही वेगळी वाट धरली. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. बचत गटांच्या बायकांनी त्या सभेत ठराव मांडला, इतिवृत्तात लिहून घेतला, आणि मुख्य ग्रामसभेला त्या एकत्र गेल्या. मुलींच्या आयांनी उठून विषय मांडल्यावर त्याला विरोध करायला कुणी उभं राहिलं नाही.

ठराव झाला की इतिवृत्त वाचून घ्या. 'अभ्यासिकेबाबत चर्चा झाली' असं लिहिलेलं असेल तर त्याचा उपयोग नाही. जागा कोणती, अंदाजे खर्च किती, कोणत्या निधीतून आणि कोणत्या वर्षात, हे त्यात यायला हवं. सूचक आणि अनुमोदक यांची नावं असायला हवीत. आमच्याकडे मधल्या काळात पंचायतीची मुदत संपली, आचारसंहिता लागली, सरपंच बदलले. घोषणा करणारे गेले, तेव्हा त्यांच्या शब्दाला आधार देणारं काहीच हाती नव्हतं. दुसऱ्या वेळी ठराव हाती होता, म्हणून नव्या मंडळींना तो विषय बाजूला सारता आला नाही.

कोणता पैसा कशाला चालतो

ग्रामपंचायतीकडे 'निधी आलाय' असं गावात बोललं जातं आणि प्रत्येकाला वाटतं की तो आपल्या कामाला वळवता येईल. तसं होत नाही. पैसा जिथून येतो तिथल्या अटी घेऊनच येतो.

सगळ्यात मोठा वाटा केंद्रीय वित्त आयोगाच्या अनुदानाचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांत महाराष्ट्रात या अनुदानाची ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्यात ८०, १० आणि १० टक्के अशी वाटणी होती. त्यातला ६० टक्के पैसा बंधित. त्यातले ३० टक्के पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. दुसरे ३० टक्के स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित. समजा, एखाद्या गावाला वर्षाला १० लाख रुपये आले, तर पाण्याला ३ लाख, स्वच्छतेला ३ लाख आणि बाकी सगळ्या गरजांना मिळून ४ लाख. त्या ४ लाखांवर रस्ता, गटारावरचा पूल, अंगणवाडी, शाळा, समाजमंदिर या सगळ्यांची नजर असते. त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नाही. म्हणजे अभ्यासिका सांभाळणाऱ्या माणसाचं मानधन या पैशातून निघत नाही, हे आधीच धरून चालावं. आता २०२६-२७ पासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू होतो. म्हणून जुनी टक्केवारी गृहीत न धरता चालू वर्षाचं परिपत्रक ग्रामसेवकांकडून मागून घ्या.

हा निधी पंचायत निवडून आलेली असेल आणि हिशेबाचं लेखापरीक्षण झालेलं असेल तरच येतो. २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांवर प्रशासक होते, तेव्हा त्यांच्या वाट्याचा पैसा याच अटीमुळे अडला. तेव्हा निवडणुका कधी आहेत आणि मागच्या वर्षाचा हिशेब पूर्ण झालाय का, हे प्रश्न मागणी करणाऱ्याने विचारायचेच असतात.

दुसरा पैसा ग्रामपंचायतीचा स्वतःचा. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, गाळ्यांचं भाडं, बाजाराची फी यांतून तो जमतो. त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हे वाटे अनेक गावांत मार्चअखेर घाईघाईने कशावर तरी खर्ची पडतात. गावातून कुणी आधी नेमकी मागणी केली तर ते चांगल्या कामी येतात.

तिसरा पैसा वरून येतो. आमदारांचा आणि खासदारांचा स्थानिक विकास निधी, दोन्ही सध्या वर्षाला ५ कोटी रुपयांचे. शिवाय लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या मूलभूत सुविधांच्या कामांचं राज्याचं लेखाशीर्ष आहे, त्याला गावोगावी 'पंचवीस-पंधरा' म्हणतात. जिल्हा नियोजन समितीतून येणारी जनसुविधा योजना आहे, तिच्यातून प्रामुख्याने ग्रामपंचायत कार्यालयं आणि स्मशानभूमीची कामं होतात. या सगळ्यांना शिफारसपत्र लागतं आणि ग्रामपंचायतीचा ठरावही लागतो. आमदारसाहेबांनी तोंडी होकार दिला म्हणजे काम मंजूर झालं, असं समजून पाया खणायला घेणारी गावं मी पाहिली आहेत. जिल्ह्याच्या कार्यालयातून प्रशासकीय मान्यतेचा आदेश हातात येईपर्यंत काम मंजूर नसतं.

आमच्या कामाला खरी गती मिळाली ती एका तरुण अभियंत्याच्या सल्ल्यामुळे. तो म्हणाला, "अख्खी इमारत एका निधीतून मागू नका. कामाचे भाग पाडा." मग आम्ही कागद घेऊन बसलो. इमारतीचा सांगाडा अबंधित निधी आणि आमदार निधीतून. मुलींचं स्वच्छतागृह बंधित निधीतल्या स्वच्छतेच्या वाट्यातून. छतावरचं पाणी टाकीत घ्यायची सोय आणि पिण्याच्या पाण्याची जोडणी बंधित निधीतल्या पाण्याच्या वाट्यातून. उतार आणि कठडा दिव्यांगांच्या ५ टक्क्यांतून. मुलींच्या खोलीतली बाकं महिला व बालकल्याणाच्या वाट्यातून. एकाच निधीवर सगळं ओझं टाकलं असतं तर ते काम आणखी लांबलं असतं.

असे भाग पाडताना प्रत्येक भाग कोणत्या निधीतून होतोय ते ठरावात स्वतंत्रपणे लिहा. तेच काम दोन योजनांत दाखवलं गेलं तर लेखापरीक्षणात दुबार खर्चाचा आक्षेप निघतो. मग वसुली लागते, आणि त्यात हेतू चांगला असलेली माणसंही अडकतात.

जागेचा कागद

सगळ्यात जास्त वेळ गेला तो जागेत. गावातल्या एका भल्या कुटुंबाने रस्त्याकडेची दोन गुंठे जागा अभ्यासिकेसाठी द्यायचं कबूल केलं. वडीलधाऱ्याने चारचौघांत शब्द दिला होता, आणि गावात अशा शब्दाला मान असतो. आम्ही नारळ फोडला. नंतर सातबारा काढला तेव्हा त्यावर भाऊ, बहिणी आणि वारलेल्या भावाची मुलं अशी सगळ्यांची नावं निघाली. त्यातले काही मुंबईला, एक बहीण दुसऱ्या जिल्ह्यात. सगळ्यांच्या सह्यांशिवाय बक्षीसपत्र होत नव्हतं, आणि एका वारसाला ते मान्य नव्हतं. त्यांचा तो हक्क होता, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. पण तोवर निधीचं वर्ष संपत आलं होतं.

ग्रामपंचायतीला आपल्या मालकीच्या किंवा रीतसर ताब्यातल्या जागेवरच बांधकाम करता येतं. म्हणून निधीच्या आधी जागा बघा, आणि जागेच्या आधी तिचा उतारा बघा. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार, वारसांची नावं, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, हे सगळं तपासा. शेतजमिनीतून छोटा तुकडा नावावर करताना तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो. तालुक्याला दुय्यम निबंधक आणि तहसील कार्यालयात आधीच विचारून घ्या. दान मिळणारी जागा नोंदणीकृत बक्षीसपत्राने घ्या आणि ती स्वीकारल्याचा ग्रामपंचायतीचा ठरावही करा.

'गायरानात बांधू' असा सल्ला लगेच मिळतो. त्यापासून जपा. गायरान ही सरकारची, गावाच्या सामायिक वापरासाठी राखलेली जमीन. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं, आणि त्यानंतर राज्य शासनानेही नियम कडक केले. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तिथे उभं केलेलं चांगलं कामही अतिक्रमणच ठरतं. पडीक झालेली जुनी शाळाखोली वापरायची असेल तर तीही जिल्हा परिषदेची मालमत्ता असते. ती पाडायची तर आधी निर्लेखनाची मंजुरी घ्यावी लागते.

शेवटी आम्ही गावठाणातली, ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत असलेली मोकळी जागा घेतली. ती वेशीपासून आत आणि थोडी अडचणीची होती. पण तिचा कागद स्वच्छ होता, आणि त्या एका कारणाने काम सुरू झालं.

बांधकाम चालू असताना

जागा आणि निधी ठरल्यावर कनिष्ठ अभियंता अंदाजपत्रक करतो, उपअभियंत्याची तांत्रिक मान्यता मिळते, मग प्रशासकीय मान्यता, निविदा आणि शेवटी कार्यारंभ आदेश. या कागदांत गावाने सर्वांत आधी बघायचं ते अंदाजपत्रक. आमच्या पहिल्या अंदाजपत्रकात भिंती, स्लॅब, फरशी आणि रंग होता. वीजजोडणी नव्हती, पंखे नव्हते, खिडक्यांना जाळ्या नव्हत्या. अभियंत्याने सांगितलेल्या क्षेत्रफळाप्रमाणे खोली मांडली होती. तिथे रात्री मुली बसणार हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. वापरणाऱ्यांनी अंदाजपत्रक तयार होत असतानाच अभियंत्यासोबत जागेवर उभं राहायला हवं. दिवे कुठे, दार कुठल्या बाजूला, स्वच्छतागृहाकडे जायचा रस्ता उजेडात आहे का, हे मुलींनीच सांगावं.

काम चालू असताना माहितीचा फलक लावायला लावा. कामाचं नाव, निधी, रक्कम, ठेकेदार आणि मुदत त्यावर असते. अंदाजपत्रकाची प्रत ग्रामपंचायतीकडून घ्या. देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा, त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आमच्या स्लॅबला पहिल्याच पावसाळ्यात गळती लागली. तोवर ठेकेदाराचं शेवटचं बिल निघून गेलं होतं. नंतर कळलं की अशा कामात ठेकेदाराची काही रक्कम अनामत म्हणून राखलेली असते आणि दोषदायित्व कालावधीत निघालेला दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. तो कालावधी संपायच्या आत आम्ही लेखी तक्रार दिली, फोटो जोडले, पंचायत समितीत पाठपुरावा केला, आणि दुरुस्ती झाली. म्हणून पहिला मोठा पाऊस झाला की सगळ्यांनी मिळून छत, भिंतींची ओल आणि पाण्याचा निचरा बघावा आणि जे दिसेल ते त्याच आठवड्यात लेखी कळवावं.

वर्गणीचा हिशेब

पुस्तकं, घड्याळ, पडदे यांसाठी गावाने वर्गणी काढली. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला असलेल्या गावकऱ्यांनी सढळ हाताने पैसे पाठवले. ते एका प्रामाणिक मुलाच्या खात्यावर जमा होत होते. त्याने एक पैसाही इकडचा तिकडे केला नाही, तरी हिशेब मागितला गेला, तो द्यायला उशीर झाला, आणि गावात कुजबुज सुरू झाली. त्या मुलाने पुढे येणंच बंद केलं. अभ्यासिकेसाठी सगळ्यात जास्त धावपळ करणारा तरुण आम्ही असा गमावला, याचं दुःख मला आजही आहे.

लोकवर्गणी शक्यतो ग्रामनिधीत भरा, ग्रामपंचायतीची पावती घ्या आणि ती कशासाठी आहे ते पावतीवर लिहून घ्या. मंडळाने स्वतंत्रपणे पैसे गोळा करायचे असतील तर आधी मंडळाची नोंदणी करा आणि दोघांच्या सहीने चालणारं बँक खाते उघडा. कुणाकडून किती आले आणि कशावर किती गेले, याचा कागद दर महिन्याला अभ्यासिकेच्या दारावर लावा. वस्तू रूपात आलेली देणगीही वहीत नोंदवा. पैसे सांभाळणाऱ्याची अब्रू या सवयीने राखली जाते.

इमारतीनंतरचा खर्च

अभ्यासिकेचं उद्घाटन झालं, फोटो निघाले, मुली बसायला लागल्या. विजेचं बिल कुणी भरायचं हे मात्र कुठल्याच ठरावात नव्हतं. काही महिने दोघा-तिघांनी खिशातून भरलं. मग थकबाकी झाली आणि जोडणी तोडली गेली. ते भरती परीक्षेच्या तोंडावरचे दिवस होते. मुली पुन्हा घरच्या दिव्याखाली जाऊन बसल्या.

बांधायला पैसे देणारे पुष्कळ असतात; चालवायला पैसे देणारी योजना फारच क्वचित असते. खासदार निधीच्या नियमांत तर काम मंजूर करण्याआधीच, पुढे देखभाल कोण करणार याची हमी वापरणाऱ्या संस्थेकडून घ्यायला सांगितलं आहे. हीच शिस्त प्रत्येक निधीला गावाने आपणहून लावून घ्यावी. अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत अगदी शेवटचा विषय सामुदायिक मालमत्तेची देखभाल हा आहे. म्हणजे देखभाल हेही पंचायतीचंच काम आहे, आणि त्याला ग्रामपंचायतीच्या वार्षिक अंदाजपत्रकात स्वतःची ओळ लागते.

आम्ही त्या ओळीसाठी ग्रामसभेत गेलो. वीज, साफसफाई, किरकोळ दुरुस्ती आणि कुलूप-किल्ली सांभाळणाऱ्या ताईंचं मानधन असा वर्षाचा खर्च लिहून नेला. सरपंचांचा प्रश्न सरळ होता: हे स्वतःच्या उत्पन्नातून द्यायचं, पण घरपट्टी किती जणांनी भरली आहे? यादी वाचली तेव्हा अभ्यासिकेची मागणी करणाऱ्यांपैकीही काहींच्या घरची थकबाकी निघाली. त्या वर्षी मुलींनी घरोघर जाऊन घरपट्टी भरायची विनंती केली, आणि वसुली वाढल्यावर ती ओळ अंदाजपत्रकात आली. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाटोद्याने भास्करराव पेरे पाटलांच्या काळात पूर्ण कर भरणाऱ्या कुटुंबांना दळण मोफत दिलं, त्यामागे हाच विचार आहे. कर भरणाऱ्याला त्याचा उपयोग दिसला की कर भरला जातो, आणि कर भरला गेला तरच पंचायतीला स्वतःच्या बळावर काही चालवता येतं.

सार्वजनिक वाचनालयासाठी राज्याच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळतं, हे खरं. पण ते मान्यताप्राप्त वाचनालयाला, अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार मिळतं. त्या मान्यतेवर सगळी भिस्त ठेवून अभ्यासिका उभारू नका. ते अनुदान पुढे मिळालं तर पुस्तकं वाढवायला कामी येईल.

जायच्या आधी एवढं लिहून काढा

मागणी घेऊन जाणाऱ्या मंडळाने एका कागदावर पुढच्या गोष्टी लिहाव्यात.

एक, गरज कुणाची आहे आणि किती जणांची आहे. वापरणाऱ्यांची नावं आणि सह्या घ्या.

दोन, जागा कोणती आणि तिचा उतारा कुणाच्या नावावर. उतारा अर्जाला जोडा.

तीन, कामाचे भाग कोणते आणि प्रत्येक भागाला कोणता निधी चालेल. यासाठी ग्रामसेवकांजवळ तासभर बसा. त्यांच्या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावचे भाऊसाहेब तेच आहेत. त्यांना विरोधक समजू नका. नियम त्यांच्याइतके कुणालाच माहीत नसतात.

चार, दर वर्षी चालवायला किती खर्च येईल आणि तो कुठून येईल.

पाच, किल्ली कुणाकडे, वेळ काय, तक्रार कुणाकडे. यासाठी पाच-सात जणांची समिती ग्रामसभेच्या ठरावाने नेमून घ्या आणि तिच्यात निम्म्या तरी मुली-महिला असू द्या.

शहरात राहणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडतं. पुणे महापालिका २००६-०७ पासून अंदाजपत्रकात नागरिकांकडून कामं सुचवून घेते. ती सूचना क्षेत्रीय कार्यालयात मुदतीत गेली तरच पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात येते. नगरसेवकाच्या आश्वासनापेक्षा अर्जाची पोच तिथेही जास्त उपयोगी पडते.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की इतकी खटपट करण्यापेक्षा एखाद्या दानशूर माणसाकडून इमारत बांधून घ्यावी. तसं करणारी गावं आहेत, आणि दात्यांविषयी मला आदरच आहे. पण पंचायतीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या खोलीवर गावातल्या प्रत्येक मुलीचा सारखा हक्क असतो. तिथे तिला कुणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. या हक्कासाठी ठराव, उतारा, आराखडा आणि पावत्या सांभाळण्याचे कष्ट घ्यावेत, असं मी मनापासून सांगते.

आणि अभ्यासिका मिळाल्यावर ग्रामसभेला जाणं सोडू नका. अंदाजपत्रक दर वर्षी नव्याने होतं, दर पाच वर्षांनी पंचायतीतली माणसं बदलतात, आणि मागच्या वर्षी असलेली ओळ पुढच्या वर्षी आपोआप येत नाही. आमच्याकडे अभ्यासिकेत बसणाऱ्या, मतदार यादीत नाव असलेल्या प्रत्येक मुलीने ग्रामसभेला हजर राहायचं, असा समितीने नियम केला आहे. त्या हजेरी लावतात, इतिवृत्त मागून वाचतात आणि देखभालीची रक्कम वाचून दाखवायला सांगतात. तुमच्या गावात जे काही उभं राहील, ते वापरणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून ही सवय लावा.